लवकरच येत आहे

मराठी पुस्तकातलं सर्वांत आशावादी पान शेवटून दुसरं असतं. 'आमची आगामी प्रकाशनं' असा त्यावर मथळा, खाली सात-आठ नावं, आणि त्यांतली निदान दोन अशी, की जी त्याच प्रकाशकाच्या दहा वर्षांपूर्वीच्या पुस्तकातही त्याच जागी, त्याच क्रमाने सापडावीत. मधल्या काळात लेखक निवृत्त झालेला असतो, त्याला नात झालेली असते, एखादा तर वारलेलाही असतो. पुस्तक मात्र 'छपाईत' असतं. साधा वाचक हे पान बघतच नाही. कादंबरी संपली की पुस्तक मिटून तो झोपतो. पण वाचकांमध्ये एक पंथ असा आहे, जो पुस्तक हातात आल्याबरोबर आधी हे पान उघडतो. हातातल्या पुस्तकात त्याला तितकासा रस नसतो. ते काय, आलेलंच आहे.

सोयीसाठी त्याला आगामीपंथी म्हणू. तो बँकेत, शाळेत, आयटीत, ज्येष्ठांच्या कट्ट्यावर, कुठेही आढळतो. पुस्तकवाले आणि पिक्चरवाले असे त्यात दोन फड आहेत, पण बरेचसे दोन्हीकडे हजेरी लावतात. कोणत्या कादंबरीचं मुखपृष्ठ कुणाकडे गेलंय, कोणत्या ऐतिहासिक पटाचं चित्रीकरण वाईच्या घाटावर कुठवर आलंय, कोणत्या संगीतकाराचं कोणत्या दिग्दर्शकाशी फाटलंय, हे त्याला घरचा सिलिंडर कधी लावला यापेक्षा जास्त पक्कं ठाऊक असतं. त्याला विचारावं, "काय रे, महिनाभर ज्याचं एवढं सांगत होतास, तो पिक्चर कसा निघाला?" तो क्षणभर गोंधळतो. मग म्हणतो, "तो ना? तो येऊन गेला. आता दिवाळीला बघ काय येतंय!"

हे सगळं मोबाइलने लावलेलं वेड आहे, असं घरोघरचे ज्येष्ठ म्हणतात. ज्येष्ठांनी जरा आपले पणजोबा आठवावेत. १८९० साली हरि नारायण आपट्यांनी 'करमणूक' हे साप्ताहिक काढलं आणि त्यातून 'पण लक्षात कोण घेतो' हप्त्याहप्त्याने येऊ लागली. तिची नायिका यमू, तिच्या कपाळी पुढे काय लिहिलंय, ते कळायला वाचकाला आठवडाभर थांबावं लागे. आणि लिहिणाऱ्यालाही ते आठवडाभरात ठरवावं लागे, हे त्यातलं गुपित. हरिभाऊंच्या मागे आनंदाश्रमाचा कारभार होता, पुढे पुण्याच्या नगरपालिकेचा व्याप आला, अंक तर दर आठवड्याला भरायचाच होता. परिणामी त्यांच्या काही कादंबऱ्या अपुऱ्याच राहिल्या. पुढच्या अंकाची वाट बघणारे वाचक वाट बघतच गेले. त्यांची पतवंडं आता एम.ए.ला त्याच अपुऱ्या कादंबऱ्यांवर टिपणं काढतात आणि त्या पूर्ण झाल्या नाहीत याबद्दल मनोमन देवाचे आभार मानतात.

सिनेमावाल्यांचा आद्यपुरुषही काही मागे नव्हता. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ला गिरगावात कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागला. (तो शनिवार होता. शुक्रवारचं माहात्म्य अजून सिद्ध व्हायचं होतं.) पुढे हा खेळ गावोगाव नेताना फाळक्यांच्या ध्यानात आलं, की प्रेक्षक तासातासाने आनंद मोजतो. थोडक्या पैशांत अर्धी रात्र चालणारं नाटक बघणारा माणूस दीड तासाच्या खेळाला का यावा? तेव्हा त्यांनी जाहिरात केली ती मापाची: सत्तावन्न हजार छायाचित्रं, दोन मैल लांबीचं चित्र, दर फक्त तीन आणे! आजच्या जाहिरातीत बजेट कोटींत सांगतात, व्हीएफएक्सचे शॉट हजारांत सांगतात. मैलात मोजायची हिंमत नंतर कुणाची झाली नाही.

पुस्तकवाल्यांसाठी मराठी प्रकाशकांनी जो फास विणला, त्याचं नाव प्रकाशनपूर्व सवलत. तीन खंड, मूळ किंमत बाराशे, अमुक तारखेपर्यंत नोंदणी केल्यास साडेसातशे. यात मराठी माणसाच्या दोन्ही दुबळ्या जागा, ज्ञान आणि सूट, एकाच दगडात टिपल्या जातात. पैसे भरून पावती पाकिटात ठेवली, की पुस्तक जवळजवळ वाचल्याचं समाधान तिथेच मिळतं. पुस्तक गुढीपाडव्याला येणार असतं. पाडव्याला पत्र येतं, की कागदाच्या अडचणीमुळे ते अक्षय्य तृतीयेला येईल. मग दसरा, मग दिवाळीचा पाडवा. साडेतीन मुहूर्तांचा एवढा काटेकोर हिशेब पुरोहितानंतर प्रकाशकच ठेवतो.

पण आगाऊ पैसे भरणाऱ्यांनी मराठीत मोठी कामंही उभी केली आहेत, हे विसरून चालणार नाही. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात नागपुरात रीतसर कंपनी काढली, भाग विकले, वर्गणीदार गाठले आणि तेवीस खंडांचा 'महाराष्ट्रीय ज्ञानकोश' तडीला नेला. न लिहिलेल्या ज्ञानकोशासाठी लोकांनी पैसे मोजले! आज न बांधलेल्या इमारतीत फ्लॅट घेणाऱ्यांनी या पूर्वजांना नमस्कार करायला हरकत नाही. त्यांना निदान ताबा मिळाला.

सरकारी मराठी विश्वकोशाची तऱ्हा निराळी. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या देखरेखीखाली त्याचा पहिला खंड १९७६मध्ये आला आणि 'अंक'पासून 'आतुरचिकित्सा'पर्यंत पोचून थांबला. विसावा खंड यायला त्यानंतर सुमारे चार दशकं गेली. ज्याला 'अ'च्या शंका होत्या तो सुखी झाला. पण ज्याची शंका 'ज्ञ'ची होती, त्याने शाळेत विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्याच्या मुलाने इंटरनेटवर शोधून दिलं.

तरीही प्रतीक्षेच्या शास्त्रात मराठी वाचकाने पीएच.डी. मिळवली ती भालचंद्र नेमाड्यांच्या हाताखाली. 'कोसला' १९६३ साली आली. ती त्यांनी पंधराएक दिवसांत लिहून काढली असं सांगतात, आणि तेव्हा ते पंचविशीत होते. मग 'बिढार', 'हूल', 'जरीला' आणि १९७९मध्ये 'झूल' अशी चार पुस्तकं. त्यानंतर 'हिंदू' येणार, असं ठरलं. ठरलं म्हणजे अगदी पक्कं ठरलं. एका पिढीने कॉलेजात असताना ऐकलं की 'हिंदू' येतेय. ती पिढी नोकरीला लागली, तिची लग्नं झाली, मुलं झाली, मुलं कॉलेजात गेली आणि त्यांनीही ऐकलं की 'हिंदू' येतेय. काहींनी तर ती न आलेली कादंबरी मनाशी इतकी पक्की रचली होती, की तिच्या मर्यादांवर ते तासभर बोलू शकत. 'हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ' अखेर २०१०मध्ये पॉप्युलर प्रकाशनाकडून आली, 'झूल'नंतर एकतीस वर्षांनी, जाडजूड, आणि आली ती एका मोठ्या मालिकेचा पहिला भाग म्हणून. आगामीपंथीयांना याहून मोठं बक्षीस कोण देणार? पुस्तक आलं आणि वाट बघणंही शिल्लक राहिलं. बाकीच्यांनी ते वाचून वाद घातले. आगामीपंथीयाने दुसऱ्या भागाची चौकशी सुरू केली.

या सगळ्या ये-जा करणाऱ्या पुस्तकांची नोंद ठेवणारं एक मासिकही मराठीत आहे. मॅजेस्टिकच्या केशवराव कोठावळ्यांनी १९६४मध्ये 'ललित' सुरू केलं. कोणाचं काय छापून आलं, कोणाचं काय येणार, हे वाचायला ग्रंथप्रेमी त्यावर झडप घालत. त्यात 'ठणठणपाळ' या नावाने जयवंत दळवी लेखकमंडळींची टोपी उडवत, आणि आपली टोपी कधी उडणार याचीही लेखक वाट बघत, ती गोष्ट वेगळी. नव्या वर्षाच्या अंकात लेखकांचे संकल्प छापायचीही तिथे प्रथा पडली. 'या वर्षी दोन कादंबऱ्या हातावेगळ्या करायचा विचार आहे,' असं कोणी जाहीर केलं, की वाचक ते डायरीत टिपून ठेवायचा. लेखक विसरला तरी वाचक विसरत नाही. साहित्य संमेलनाच्या मांडवात जेवणाच्या रांगेत एखादा गृहस्थ मागून खांद्यावर हात ठेवून "मग, त्या दोनचं काय झालं?" असं विचारतो, तेव्हा लेखकाच्या हातातली जिलबी परत ताटात पडते.

दिवाळी अंक हे याच पंथाचं वार्षिक पर्व. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हा आपण एका मोठ्या समाजाला दर भाद्रपदात अस्वस्थ करून ठेवतोय, याची त्यांना कल्पना नसावी. गणपती विसर्जनानंतर जाहिराती सुरू होतात. यंदा कोणाची दीर्घकथा, कोणाचा प्रदीर्घ लेख, 'आवाज'च्या खिडकीतून यंदा काय दिसणार. सात अंकांचा संच घेतला तर एक कॅलेंडर फुकट. वाचनालयात दिवाळी अंकांची वेगळी वर्गणी आणि तिच्यासाठी वेगळी रांग. मग अंक घरी येतात, नि घरातला प्रत्येक जण आधी काय उघडतो? राशिभविष्य. म्हणजे आगामीच. कथा, कविता, परिसंवाद वाचायचे राहतात. तुळशीचं लग्न होईस्तोवर अंकांवर इस्त्रीचे कपडे येतात.

आता सिनेमाकडे वळू, कारण रांगा तिथल्या जास्त लांब.

के. आसिफ यांनी 'मुघल-ए-आझम'चा घाट १९४०च्या दशकात घातला. फाळणी झाली, पहिले अर्थपुरवठादार पाकिस्तानात गेले, अकबर करणारे चंद्रमोहन वारले, नट बदलले, शापूरजी पालनजींचा पैसा आला, आणि ५ ऑगस्ट १९६०ला, शुक्रवारी, तो मुंबई सेंट्रलजवळच्या मराठा मंदिरात लागला. प्रिंट हत्तीवरून मिरवत आणली. तिकिटविक्री सुरू व्हायच्या आधीपासून थिएटरभोवती माणसांचा समुद्र. लोक तीन-तीन, चार-चार दिवस रांगेत राहिले आणि घरून त्यांना डबे पोचत, असं सांगतात. हे डबे पोचवणाऱ्या बायकांचा सिनेमाच्या इतिहासात कुठे उल्लेख नाही. नवरा कामाला जात नाही, घरी येत नाही, रांग सोडत नाही, आणि निरोप काय पाठवतो, तर उद्या भाजीत मीठ जरा बेताने. अनारकलीला भिंतीत चिणलं, यमू सोसत सोसत संपली. या बाईची कथा मात्र अजून कोणी लिहिलेली नाही. एखाद्या प्रकाशकाने आगामीत टाकावी.

आता रांग नाही. आता रांगेच्या जागी टप्पे आले आहेत. पहिल्यांदा घोषणा होते, की अमुक तारखेला सकाळी ११ वाजून ११ मिनिटांनी एक मोठी घोषणा होणार आहे. त्या मुहूर्तावर सिनेमाचं नाव कळतं. मग पहिलं पोस्टर, ज्यात नायक पाठमोरा असतो. मग मोशन पोस्टर, ज्यात नायक हलत नाही, त्याच्या मागचा धूर हलतो. मग टीझर कधी येणार हे सांगणारं पोस्टर. मग टीझर. मग गाण्याचा टीझर, गाण्याचा लिरिकल व्हिडिओ, गाण्याचा खरा व्हिडिओ आणि त्या व्हिडिओचं चित्रीकरण कसं झालं याचा व्हिडिओ. दर टप्प्यावर खाली लिहिलेलं असतं, 'प्रतीक्षा संपली!' ती संपत नाही. ट्रेलर येतो तेव्हा आगामीपंथी रजा टाकून बसलेला असतो. बेचाळीस सेकंदांच्या टीझरचं सतरा मिनिटांचं विश्लेषण करणारे तज्ज्ञ तयार झाले आहेत. एकतिसाव्या सेकंदाला मागच्या भिंतीवर जी तलवार दिसते, ती दुसऱ्या भागाची खूण आहे, हे ते गंभीरपणे समजावतात. पहिला भाग अजून एडिटिंगमध्ये असतो. तिकिटविक्रीच्या अ‍ॅपवर 'मला उत्सुकता आहे' असं नोंदवायचं एक बटण असतं. ते दाबायला पैसे पडत नाहीत. एखाद्या मराठी चित्रपटासाठी ते जितक्यांनी दाबलेलं असतं, तितके निम्मे जरी शुक्रवारी आले असते, तर निर्मात्याने घर गहाण ठेवलं नसतं.

पुस्तकवाल्यांनीही हे सगळं उचललं आहे. मुखपृष्ठाचं अनावरण वेगळं, पुस्तकाचं प्रकाशन वेगळं. प्रकाशनाच्या कार्यक्रमात रंगीत कागदात बांधलेली पुस्तकं ताटात येतात, आणि चिकटपट्टी न निघाल्याने प्रमुख पाहुणे ती दाताने तोडू की नको या विचारात दोन मिनिटं घालवतात. मग भाषण: "पुस्तक मला कालच मिळालं, अजून पूर्ण वाचून झालेलं नाही, पण…" या 'पण'नंतर चाळीस मिनिटं. समोरच्या खुर्च्यांवरही कोणी वाचलेलं नसतं, कारण ते आत्ता कुठे कागदातून निघतंय. एखाद्या गोष्टीवर तिच्या येण्याआधी इतकं एकमत व्हावं, हे दृश्य महाराष्ट्रात दुसरीकडे क्वचितच दिसतं.

१० जुलै २०१५ला 'बाहुबली'चा पहिला भाग एका प्रश्नावर थांबला. कटप्पाने बाहुबलीला का मारलं? उत्तर मिळालं २८ एप्रिल २०१७ला. मधली पावणेदोन वर्षं हा प्रश्न लोकलच्या डब्यात, लग्नाच्या पंगतीत, वर्गातल्या फळ्यावर फिरत होता. विनोद निघाले, कोडी निघाली. दुसऱ्या भागाच्या पहिल्याच खेळात उत्तर कळलं आणि दुपारपर्यंत ते न बघितलेल्यांनाही कळलं. उत्तर वाईट नव्हतं. पण ते कुणाला फारसं आठवत नाही, प्रश्न सगळ्यांना आठवतो.

मराठी चित्रपटाचा आगामीपंथी जरा जास्त कणखर असावा लागतो. त्याचा नायक धुरातून बाहेर येतो खरा, पण शुक्रवारी त्याला पडदा मिळेलच असं नाही. त्याच आठवड्यात हिंदीतला मोठा सिनेमा आणि दक्षिणेतला त्याहून मोठा सिनेमा आलेला असतो. मग शहराच्या टोकाला, महामार्गाजवळच्या मॉलमध्ये, सकाळी पावणेदहाचा एक आणि रात्री पावणेअकराचा एक, असे दोन खेळ उरतात. पहिल्याला जायचं तर रजा काढावी लागते, दुसऱ्याहून परतायचं तर रिक्षा मिळत नाही. तरी तो सकाळी पोचतो. तिथे पोरगं सांगतं, "सर, चारच तिकिटं गेलीत, शो कॅन्सल होईल." तेव्हा हा इसम स्वतःच्या पैशाने आणखी दोन तिकिटं काढतो. राज्य सरकारने २०१५च्या एप्रिलमध्ये मल्टिप्लेक्सनी प्राइम टाइमला मराठी चित्रपट दाखवावा असं जाहीर केलं, त्यावर देशभर गदारोळ झाला, पॉपकॉर्नऐवजी वडापाव मिळणार का इथवर चर्चा गेली. पावणेदहाचा खेळ बऱ्याच ठिकाणी पावणेदहालाच राहिला.

पण कधीतरी लॉटरी लागते. २९ एप्रिल २०१६ला 'सैराट' आला. गाणी आधीच आली होती, अजय-अतुल यांनी त्यांचा वाद्यमेळ थेट हॉलिवुडमध्ये रेकॉर्ड केला होता, आणि दिवस लग्नसराईचे. ज्या वरातीत 'झिंगाट' वाजलं नाही, त्या लग्नाच्या कायदेशीरपणाविषयीच पाहुणे शंका घेत. 'फँड्री'नंतर नागराज मंजुळे काय करतात, याकडे डोळे लावून बसलेला जाणकार आणि नुसता नाचायला आलेला पोरगा शेजारीशेजारी बसले. शेवटच्या दृश्यानंतर दोघेही सारखेच गप्प बाहेर आले. ३० जून २०२३च्या 'बाईपण भारी देवा'ला तर बायकांचे जथेच्या जथे नऊवारी, पैठण्या नेसून, गॉगल लावून थिएटरात गेले. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर महिनाभर साडीचा रंग ठरत होता. घरच्या पुरुषांना त्या दिवशी डबा मिळाला नाही. मराठा मंदिरच्या रांगेची परतफेड व्हायला त्रेसष्ट वर्षं लागली.

दोन्ही फडांची गाठ पडते ती कादंबरीवर चित्रपट निघतो तेव्हा, आणि तिथे खरी रणधुमाळी. मिलिंद बोकिलांच्या 'शाळा'वर २०१२मध्ये चित्रपट आला. सुहास शिरवळकरांच्या 'दुनियादारी'वर २०१३मध्ये. कादंबरीवाल्याच्या डोक्यात वर्षानुवर्षं 'शाळा'तली शिरोडकर राहत होती, 'दुनियादारी'तला श्रेयस राहत होता. त्याच्या मते जगातली कुठलीही नटी शिरोडकर होऊ शकत नाही, याचं साधं कारण असं, की ती त्याच्या वर्गात नव्हती. पोस्टर आल्या दिवसापासून तो "पुस्तकाची मजा नाही" असं सांगत फिरतो. चित्रपटवाल्याने पुस्तक वाचलेलं नसतं, तो "आधी बघ तर" म्हणतो. दोघे भांडत भांडत पहिल्या दिवशी पहिल्या खेळाला एकत्र जातात. बाहेर आल्यावर कादंबरीवाला पुस्तकाची नवी प्रत घेतो, चित्रपटवाला तिकिटं पुन्हा काढतो, आणि दोघेही 'कोसला'वर सिनेमा निघाला तर पांडुरंग सांगवीकर कोणी करावा, यावर नव्याने सुरुवात करतात.

नोव्हेंबरात या पंथाची वारी गोव्याला निघते. २००४पासून इफ्फीचं, म्हणजे भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाचं, ठिकाण पणजी आहे. समोर मांडवी, मागे मिरामार, आणि आगामीपंथी मात्र आठवडाभर समुद्राकडे पाठ करून अ‍ॅपवर जागा राखतोय. सकाळी नऊला इराणी, बाराला हंगेरियन, तीनला कोंकणी, रात्री अर्जेंटिनाचा साडेतीन तासांचा. दुपारच्या जेवणाला त्याच्या वेळापत्रकात जागाच नसते. गोव्यात जाऊन शीतकडी न खाता परतणारा हा एकमेव प्रवासी. चौथ्या दिवशी तो हंगेरियन सिनेमात झोपतो, पण कॅटलॉग जागेपणी वाचतो.

पुस्तकवाल्यांसाठी आता डिसेंबरात फर्ग्युसन कॉलेजच्या मैदानावर पुणे पुस्तक महोत्सव असतो, २०२३पासून. तिथून दोन्ही हातांत पिशव्या घेऊन निघालेला माणूस घराच्या दारात थबकतो आणि जिन्यातच पिशवीतली चार पुस्तकं बॅगेत सरकवतो. घरात विचारलं तर उत्तर तयार असतं: "अगं, ही जुनीच आहेत." मनाचा हिय्या करून तो बाबासाहेब आंबेडकरांचंही उदाहरण देतो. त्यांनी दादरच्या हिंदू कॉलनीत 'राजगृह' बांधलं ते पुस्तकांसाठी जागा हवी म्हणून. यावर घरातून येणारं उत्तर बिनतोड असतं: "त्यांनी ती वाचली होती."

सातासमुद्रापलीकडेही हीच तऱ्हा. १८४१मध्ये डिकन्सच्या कादंबरीचा हप्ता घेऊन येणाऱ्या जहाजाला न्यू यॉर्कच्या धक्क्यावरचे लोक ओरडून विचारत होते, की लहानगी नेल जगली का मेली, अशी आख्यायिका आहे. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या महामालिकेचा पाचवा खंड २०११च्या जुलैत आला आणि सहाव्यासाठी वाचक त्यांच्या तब्येतीची अशा स्वरात चौकशी करू लागले, की मार्टिन वैतागले. आपल्याकडे निदान जेवणाच्या रांगेत विचारतात.

आगामीपंथीयाला एकच थिएटर सोसत नाही, आणि ते नेमकं मराठा मंदिर. जिथे 'मुघल-ए-आझम'साठी माणसं दिवसेंदिवस उभी राहिली, तिथे २० ऑक्टोबर १९९५ला 'दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे' लागला आणि तो तिथून हललाच नाही. ट्रेनला लटकलेला राज शेवटी सिमरनचा हात धरणार, हे तिकीट फाडणाऱ्यापासून बाल्कनीतल्या शेवटच्या खुर्चीपर्यंत सगळ्यांना पाठ. काहीही येणार नाही, काहीही कळायचं नाही, तरी लोक येतात, संवादाआधी संवाद म्हणतात, शिट्ट्या मारतात आणि खूश होऊन गाडी पकडायला मुंबई सेंट्रलला जातात. यात करमणूक काय, हे आगामीपंथीयाला कळत नाही. पण २०१५च्या फेब्रुवारीत, एक हजार नऊ आठवडे झाल्यावर, हा खेळ आता बंद होणार अशी घोषणा झाली, तेव्हा मात्र तो धावला. शेवटचा खेळ! म्हणजे येणारी गोष्टच की. त्याने तिकीट मिळवलं, फोटो टाकला, खाली दोन परिच्छेदांचा मृत्युलेख लिहिला. लोकांनी हळहळ केली, थिएटरला निरोप गेले, आणि सिनेमा पुन्हा लागला. आगामीपंथीयाने तो मृत्युलेख अजून काढलेला नाही. पुढे लागेल, म्हणतो.